महिन्याला तीन चिठ्ठ्या

फौजेत सकाळची पीटी चुकवायची असेल तर दुखतंय म्हणून नुसतं सांगून भागत नाही. डॉक्टरकडं रिपोर्ट करावं लागतं, आणि त्यानं कागदावर ‘एक्सक्यूज पीटी’ लिहून दिलं तरच त्या दिवशी जवानाला बसायला मिळतं. सारखा असा कागद घेऊन येणाऱ्याची बाकीचे काय टर उडवतात ते फौजीच्या बायकोला वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली. माझ्या घरात ‘सिक रिपोर्ट’ ही शिवीच आहे. नवरा तापानं फणफणला तरी मी विचारणार, “काय साहेब, आज सिक रिपोर्ट का?” आणि तो मुकाट्यानं उठून बूट घालणार. आम्हाला दोघांनाही यात काही वावगं वाटायचं नाही, उलट गंमतच वाटायची.

ही गंमत आम्ही आमच्या पोरीवर केली. तीच सांगायला बसलेय.

पोरगी तेव्हा अकरा वर्षांची होती. नवऱ्याची बदली फील्डला झालेली, तिथं बायकापोरांना नेता येत नाही. क्वार्टरच्या यादीत आमचा नंबर कुठल्या कुठं लांब. म्हणून आम्ही मायलेकी चंडीगडला लागून मोहालीच्या एयरोसिटीत भाड्यानं राहत होतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, खाली खांबांमधलं पार्किंग. डोक्यावरून दिवसभर विमानं. समोर छान हिरवी बाग, आणि बागेच्या फाटकावर पाटी: बॉल खेलना मना है. सायकल चालवायला मना, हिरवळीवर पळायला मना. कडेच्या पायवाटेवरून रिटायर्ड मंडळी हात झुलवत गोल गोल फिरायची. पोरांनी करायचं काय? बाकावर मोबाइल घेऊन बसायचं. त्याला मात्र मनाई नव्हती.

जुलैत शाळेतून हेल्थ कार्ड आलं. वजनाच्या रकान्याभोवती लाल शाईचं गोल. त्याच आठवड्यात कळलं की व्हॅनमधली पोरं तिला ‘आलू’ म्हणतात. मी साताऱ्याकडची, शाळेत खो-खोमध्ये जिल्ह्यापर्यंत खेळलेली. उन्हातान्हात अनवाणी पळलेली बाई मी, आणि माझ्या पोटची पोर दोन जिने चढली की धापा टाकते? आता लिहायला काय लाजायचं, तेव्हा मला तिची काळजी वाटायच्या आधी लाज वाटली. काळजी नंतर वाटली. तीही वाटली, नाही असं नाही.

ऑगस्टमध्ये नवरा सुट्टीवर आला. कार्ड बघून म्हणाला, “हिला तयार करू. सहा महिन्यांत बघ.” दुसऱ्याच दिवशी फ्रिजवर टाइमटेबल लागलं. सकाळी साडेपाचला उठणं, वीस सूर्यनमस्कार, पार्किंगमध्ये दोरीच्या दोनशे उड्या, बागेला पाच फेऱ्या. धुकं किंवा पाऊस असेल तर फेऱ्यांऐवजी जिना, खालून वर दहा वेळा. आणि पोरीनं तोंड वाकडं करू नये म्हणून त्यानं एक खेळ काढला. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे तुकडे कापले, प्रत्येकावर ‘एक्सक्यूज पीटी’ लिहून खाली ऐटीत सही ठोकली. महिन्याला तीन चिठ्ठ्या. दुखलं-खुपलं, कंटाळा आला, काहीही असो, चिठ्ठी दिली की त्या दिवशी सुट्टी, कुणी एक शब्द विचारायचा नाही. तीन संपल्या की मात्र संपल्या. पोरीनं खाडकन सॅल्यूट मारला. आम्ही तिघं हसून हसून बेजार झालो होतो. त्या दिवशी घर कसं भरल्यासारखं वाटत होतं.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. हे सांगायलाच पाहिजे, नाहीतर व्यायामानंच वाटोळं केलं असं कुणाला तरी वाटायचं. सप्टेंबरात ती न थांबता पाच फेऱ्या मारायला लागली. एकदा घामानं चिंब होऊन आली आणि कानात म्हणाली, “मम्मा, मैंने आज तीन अंकल लोगों को ओवरटेक किया.” माझ्याशी ती हिंदीतच बोलते, मी मराठीत बोलते, आमचं दोघींचं असंच चालतं. गाल लाल झालेले, डोळे चमकत होते. दोन महिन्यांत तिनं जेमतेम दोन चिठ्ठ्या खर्च केल्या. मी फोनवर नवऱ्याला सांगितलं तर तो तिकडं कुठल्याशा डोंगरात शिट्ट्या मारायला लागला.

दिवाळी झाली आणि तिचा गुडघा दुखायला लागला.

उजवा गुडघा. सकाळीच दुखायचा, पळायच्या वेळेला. संध्याकाळी टीव्हीसमोर बसली की काही नाही. नोव्हेंबरच्या उरलेल्या चिठ्ठ्या तिनं लागोपाठ टाकल्या. डिसेंबरच्या तीन पहिल्या तीन तारखांना संपवल्या. चौथ्या दिवशी रिकामा हात पुढं करून उभी राहिली, तर मी हसले. “कोटा संपला, मॅडम. पळा आता.” ती पळाली. मी वरून बाल्कनीतून बघत होते. थोडं पळायची, थोडं चालायची, परत पळायची. मला वाटलं, आळशीपणा. कामं टाळणारी माणसं मी काय कमी बघितलीत?

असं नाही की मी काहीच केलं नाही. रोज रात्री तिळाचं तेल कोमट करून तो गुडघा चोळला. हळद लावून फडकं बांधलं. डॉक्टरकडं नेलं नाही. वाढत्या वयात पोरांचे पाय दुखतातच, आमचेही दुखायचे, आमच्या आईनं कधी कुणाला दाखवले होते? शिवाय दर रविवारी नवऱ्याचा फोन यायचा, तेव्हा तो आधी रिपोर्ट विचारायचा. मी सांगायची, गुडघ्याचं रडगाणं चालूच आहे. तो म्हणायचा, “कडक राहा. एकदा सूट दिली की सवय लागते.” मला ते ऐकायला बरं वाटायचं. एकटी बाई परमुलखात पोर वाढवतेय, कडक आहे असं कुणीतरी म्हटलं की बरं वाटतं.

मग ती चालताना पाऊल बाहेर टाकायला लागली. उजवं पाऊल फाकलेलं. “पाय सरळ टाक की गं, बदकासारखी काय चालतेस!” मी बाजारात, शाळेच्या फाटकापाशी, चार लोकांत ओरडायची. ती प्रयत्न करायची. पाऊल आत वळायचंच नाही. मला कळलं नाही की वळत नाहीये. मला वाटलं वळवत नाहीये.

दुसऱ्या मजल्यावर एक पंजाबी आंटीजी राहतात, साठीच्या पुढच्या, एकट्या. त्यांनी जिन्यात पोरीला थांबवून विचारलं, “पुत्त, लंगड़ा के क्यों चल रही है?” मग मला म्हणाल्या, “डॉक्टर को दिखा ले इसको.” मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, “आंटीजी, इसका दर्द घड़ी देख के आता है. साढ़े पाँच बजे.” आणि हसले. त्या हसल्या नाहीत. माझ्याच डोक्यात तिडीक गेली, म्हटलं आल्या मोठ्या शिकवायला.

जानेवारीत धुक्यानं सगळं गिळलं. शाळांच्या सुट्ट्या वाढत गेल्या. खिडकीबाहेर नुसतं पांढरं, समोरची बागसुद्धा दिसेना. विमानं रद्द व्हायची, तेवढी शांतता. नऊ दिवस आम्ही दोघी दोन खोल्यांत, एका हीटरसमोर. ती माझ्यावर वैतागलेली, मी तिच्यावर. भांडीसुद्धा आपटून ठेवत होते मी. महिन्याच्या चिठ्ठ्या कधीच संपल्या होत्या, तरी त्या सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“मम्मा, फरवरी वाली एक अभी दे दो.”

“आणि फेब्रुवारीत काय करशील?”

“फरवरी में दो ही लूँगी. पक्का. प्लीज़ मम्मा, आज नहीं होगा.”

तिचा चेहरा कसा होता ते मला आज नीट आठवतं. तेव्हा मी तव्याकडं बघत होते. म्हटलं, “अॅडव्हान्स-बिडव्हान्स काही नाही. दहा जिने. चल.”

मी भाकरी थापत पावलं मोजत होते. वर आली की दार वाजवायची आणि परत खाली. सहा वेळा दार वाजलं. सातव्यांदा वाजलं नाही. मी आतूनच ओरडले, “बसलीस का?” उत्तर नाही. म्हटलं, बसू दे मेलीला, कंटाळली की उठेल. तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगली, ती काढून दुसरी टाकली. दोन भाकऱ्या केल्या मी. दोन. मग हात पुसून बाहेर आले.

ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आडवी पडली होती. रडत नव्हती. खालचा ओठ दातात धरलेला आणि डोळे उघडे. मी तिच्या काखेत हात घालून म्हणाले, “ऊठ, काही झालं नाही, ऊठ बघू.” आणि उचललं. ती जी किंचाळली ना, ती किंचाळी मी कुणाच्या शत्रूलाही ऐकवणार नाही. आंटीजींचं दार उघडलं. त्या गरजल्याच, “हाथ मत लगा इसको!”

त्यांनी प्लास्टिकची खुर्ची आणली. दोघींनी तिला खुर्चीसकट खाली नेलं. गाडी त्यांनीच चालवली, धुक्यात, दोन्ही इंडिकेटर लावून, खिडकीतून मान बाहेर काढून. मी मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. चंडीगडच्या बत्तीस सेक्टरमधलं सरकारी हॉस्पिटल गाठायचं होतं. पोरगी एकदाच म्हणाली, “मम्मा, छह हो गए थे. चार बाक़ी हैं.” मला रडूच कोसळलं.

डॉक्टर तरुण होता, डोळे झोपेनं लाल झालेले. त्यानं गुडघ्याला हात लावला नाही. पाय वरून धरून हळूच आत वळवायला गेला आणि लगेच थांबला. म्हणाला, “घुटना नहीं है जी. कूल्हा है.” खुब्याच्या हाडाचा वरचा गोळा वाढीच्या जागेवरून सरकलाय. कोनवरून आइसक्रीम घसरतं तसा. या वयात होतं, वजन जास्त असलेल्या मुलांत जास्त होतं, आणि पुष्कळदा दुखतं मात्र गुडघ्यात. आधी हळूहळू सरकत होता, आज एकदम सरकला. आता पाय जमिनीला टेकवायचा नाही, एक पाऊलसुद्धा नाही. उद्या सकाळी ऑपरेशन, आत स्क्रू घालायचा.

“दर्द कब से था?” त्यानं मला विचारलं.

“दो-तीन हफ़्ते से,” मी म्हणाले. तोंडातून सहज खोटं निघून गेलं.

“दीवाली से, अंकल,” पोरगी म्हणाली. तक्रार म्हणून नाही म्हणाली, बिचारीनं खरं काय ते सांगितलं. डॉक्टरनं ‘दिवाळी’ लिहून घेतलं. मी अडीच महिने रोज रात्री जिथं काहीच झालं नव्हतं ती जागा चोळली होती.

मला वाटत होतं त्यानं मला चार शब्द सुनवावेत. मीच म्हणाले, “वज़न कम करने के लिए ही दौड़ा रही थी.” तो सौम्यपणे म्हणाला, “वज़न कम करना ठीक था जी. दर्द में दौड़ाना ठीक नहीं था.” त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळं मला चिडायलाही जागा उरली नाही.

नवऱ्याचा फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागला. ऑपरेशन होऊन गेलं होतं. मी सांगितलं. मग तो म्हणाला, “तू होतीस ना तिथं?” माझा पाराच चढला. म्हटलं, “होते! मी होते! चिठ्ठ्यांवर सह्या कुणाच्या होत्या?” हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये लोक वळून बघायला लागले. तो रडत होता की नेटवर्क तुटत होतं ते मला कळलं नाही. फोन कट झाला.

सहा आठवडे पाय टेकवायचा नव्हता. तिसरा मजला, लिफ्ट नाही. म्हणजे सहा आठवडे ती घरात, आणि तिला सोडून जायला कुणी नाही म्हणून मीही घरात. बाथरूमला न्यायचं तर मी तिचं वजन अंगावर घ्यायचं. माझी कंबर गेली, पण ते सांगायची सोय नव्हती. भाजी आंटीजी आणायच्या. त्या दारात पिशवी द्यायच्या, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि जायच्या. मला एकदाही काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. धुकं गेलं, ऊन पडलं, खाली बागेत लोक फिरायला लागले. आम्ही दोघी खिडकीशी. मला कधी कधी वाटायचं, दार उघडावं आणि धावत सुटावं, थेट साताऱ्यापर्यंत. मग तिच्याकडं बघायची आणि स्वतःचीच किळस यायची.

त्या खोलीत माझ्या एक गोष्ट उशिरा लक्षात आली. फिजिओवालीनं पलंगावरचे व्यायाम दिले होते, पाऊल वर-खाली करायचं, मांडी घट्ट करून सोडायची. पोरगी सांगण्याआधीच करायची. दहा सांगितले तर पंधरा. कुरकुर नाही, रडणं नाही. मी विचारायची, “दुखतंय का गं?” ती म्हणायची, “नहीं मम्मा.” टाक्यांची पट्टी ओढून काढली तेव्हाही, “नहीं.” आलंगेलं म्हणायचं, किती गुणाची पोर. मलाही पहिले काही दिवस तसंच वाटलं.

घरी सोडताना डॉक्टरनं बजावलं होतं. एका बाजूला झालं की दुसऱ्या बाजूलाही होऊ शकतं. डावा खुबा, डावी मांडी, डावा गुडघा, कुठंही ज़रा सा भी दुखलं तर त्याच दिवशी घेऊन यायचं. लवकर कळलं तर सोपं असतं. उशीर झाला तर आयुष्यभराचं लंगडणं. आणि लवकर कळायला एकच गोष्ट आहे, मुलगी काय सांगते ती.

म्हणजे सगळं तिच्या सांगण्यावर. आणि ती सांगेना.

मी तिला जवळ घेऊन सांगितलं, “राणी, माझं चुकलं. आता तू म्हणशील ते मी खरं मानीन. रात्री-अपरात्री सांग, मी ओरडणार नाही.” तिनं मान हलवली. “ओके मम्मा.” दुसऱ्या दिवशी विचारलं, “नहीं मम्मा.” मी दिवसातून दहा वेळा विचारायला लागले. तिच्या भुवया बघायची, पलंगावरून उतरताना हात कुठं टेकते ते बघायची. पाठमोरी उभी राहून ऐकायची, पावलांचा आवाज दोन्ही बाजूंनी सारखा येतो का. अकरा वर्षं मी तिला नुसतं बघून ओळखत होते असं मला वाटायचं. आता तोंडावरचं काहीच वाचता येईना. सासू फोनवर म्हणाली, एवढं काय मागं लागतेस, दुखत नाही म्हणतेय ना पोरगी. काय सांगू त्यांना?

मार्चमध्ये ती कुबड्यांवर चालायला लागली, एप्रिलमध्ये कुबड्या सुटल्या. शाळा सुरू झाली. एक दिवस जिना उतरताना तिनं डाव्या हातानं कठडा घट्ट धरलेला मला दिसला. विचारलं. “नहीं मम्मा, ऐसे ही.” दुसऱ्या दिवशी विचारलं. “बोला ना, नहीं.” तिसऱ्या दिवशी तपासणीची तारीखच होती. रिक्षात बसताना परत विचारलं, अगदी हात जोडून म्हटलं, खरं सांग. ती रस्त्याकडं बघत म्हणाली, “कुछ नहीं है मम्मा. पक्का.”

तोच डॉक्टर होता. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. म्हणाला, “मम्मी, आप दो मिनट बाहर बैठेंगी?”

मी बाहेरच्या बाकावर बसले. दार पुरतं लागलं नव्हतं. त्यानं एकदाच विचारलं, अगदी साध्या आवाजात, बेटा, कहीं दर्द है?

“हाँ अंकल,” ती म्हणाली. “लेफ़्ट में. तीन दिन से.”

पुढं ती बोलतच राहिली. कुठून सुरू होतं, कुठवर जातं, जिना उतरताना जास्त, बसल्यावर कमी. इतकं नीट, इतकं सविस्तर, की मोठ्या माणसालाही सांगता येणार नाही. मी बाकाची कड धरून ऐकत होते. आत जायचा मला धीर होत नव्हता, आणि उठून तिथून लांब जाताही येत नव्हतं.

एक्स-रे झाला. नुकतीच सुरुवात होती, आत्ताच स्क्रू घातला तर काही बिघडणार नाही. डॉक्टरनं मला आत बोलावलं, फिल्म उजेडाला धरून दाखवली आणि खुशीत म्हणाला, “बहुत अच्छा हुआ जी, बच्ची ने टाइम पे बता दिया.”

पोरगी टेबलावर पाय सोडून बसली होती. ती फिल्मकडं बघत नव्हती. मी चिडलेय का, ते बघत होती.